स्वयंपाकघरातला दिवा : काटकसर कुठे करावी?

ओट्यापाशी कुणी नाही अन् दिवा जळतोच आहे, हे चित्र आम्ही घरोघरी पाहतो. ६० वॅटचा जुना बल्ब रोज ५ तास जळला, तर ३० दिवसांत ९ युनिट खातो. ९ वॅटचा एलईडी दीड युनिटसुद्धा नाही. पहिली बचत तीच.

हालचाल टिपून आपोआप लागणारा-विझणारा दिवाही मिळतो. पण दूध उतू जाईल म्हणून बाई स्तब्ध उभी राहिली, की तो मध्येच विझू शकतो! म्हणून तो कोठीच्या खोलीत लावा. ओट्यावर साधं बटणच बरं. उजेड कमी-जास्त करायचा, तर तशी सोय असलेलाच एलईडी घ्या.

विळीपाशी मात्र उजेडाची काटकसर नको, असं आमचं सांगणं आहे. बोट कापलं तर बचत कसली?