शाई फुटते तेव्हा

लखनौच्या चौकात चिकनच्या कापडावर नक्षी छापणारे कारागीर आजही लाकडी ठसे वापरतात. ठसा निळीत टेकवायचा, मलमलीवर ठेवायचा, वरून मुठीचा दाब द्यायचा व अलगद उचलायचा. उमटलेल्या वेलबुट्टीवरून पुढे सुई चालते. आणि भरतकाम पुरे झाले, की धोबी ती निळी रेघ धुऊन टाकतात. इतक्या अल्पायुषी रेघेसाठीही निळीत डिंक मिसळावा लागतो. नुसते निळीचे पाणी सुतांच्या फटींतून केशाकर्षणाने पसरत जाते, पाकळी फुगून शेजारच्या पाकळीला मिळते, आणि टाका नेमका कोठे घालावा हे भरणाऱ्या स्त्रीला उमगत नाही. कच्च्या कागदावर बोरू चालविणाऱ्या मराठी माणसाने या संकटाला ‘शाई फुटणे’ असे मोठे समर्पक नाव दिले आहे.

१९९९ साली अमेरिकेतील नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात चॅड मर्किन व त्यांच्या सहकाऱ्यांनी अवघ्या ३० नॅनोमीटर रुंदीची रेघ ओढून दाखविली. नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लक्षावा भाग. त्यांचा टाक म्हणजे अणुबल सूक्ष्मदर्शकाची अणकुचीदार सुई, कागद म्हणजे सोन्याचा गुळगुळीत पृष्ठभाग, आणि शाई म्हणजे ऑक्टाडेकेनथायॉल नावाचा मेणचट पदार्थ. हा पदार्थ तीस अंश सेल्सिअसच्या आसपास वितळतो; लखनौच्या मे महिन्यात ही शाई बाटलीतच पातळ व्हावयाची!

या शाईच्या प्रत्येक रेणूच्या एका टोकाला गंधकाचा अणू असतो, आणि गंधकाची सोन्याशी गाढ मैत्री. सुईवरून उतरलेला रेणू मोकळे सोने दिसताच तेथे पाय रोवतो. मागाहून येणाऱ्याला जवळ जागा उरत नाही. तो आधी बसलेल्यांच्या माथ्यांवरून भरकटत कडेपर्यंत जातो व तेथे स्थिरावतो. या भटकण्याला शास्त्रात विसरण म्हणतात. सुई एकाच जागी टेकवून ठेवली, तर ठिपक्याचे क्षेत्रफळ साधारणपणे वेळेच्या प्रमाणात वाढते. म्हणजे त्रिज्या दुप्पट व्हावयास चौपट वेळ लागतो. सुई रेंगाळली की रेघ जाड, झपाट्याने फिरली की बारीक. उष्णतेने रेणूंची धावपळ वाढते व रेघ रुंदावते.

येथे छापणाऱ्याची व शास्त्रज्ञाची वाट वेगळी होते. निळीचे पसरणे हा चौकात निव्वळ दोष. प्रयोगशाळेत मात्र पसरणे हेच लिहिणे होय. रेणू पसरलेच नाहीत, तर टाकातून काही उतरणारच नाही. म्हणून तेथे डिंकाचे काम घड्याळाकडे सोपवावे लागते.

हवेतील दमटपणाचा प्रश्न अधिक अवघड निघाला. सुई व सोने यांच्या फटीत बाष्पाचा सूक्ष्म थेंब साचतो आणि त्याच पुलावरून रेणू उतरतात, असे आरंभी मानले गेले. पण २००२ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत हीच शाई अगदी कोरड्या वातावरणातही उमटली. पाण्यात विरघळणाऱ्या शायांची गोष्ट निराळी. त्यांना ओलावा खरोखरच साहाय्य करतो.

हा खटाटोप केवळ हौसेचा नाही. या रीतीने प्रथिनांचे व डीएनएचे ठिपके शेजारी शेजारी मांडता येतात, आणि कोणत्या ठिपक्याला काय चिकटले यावरून नमुन्यातील द्रव्य ओळखता येते. दोन ठिपके फुटून एक झाले, तर ती ओळखच पुसली जाते. शिवाय एका सुईने लिहिणे फार संथ. म्हणून २००६ साली मर्किन यांच्या गटाने ५५,००० सुया एकाच पट्टीवर बसविल्या व त्या एकदम सोन्यावर टेकविल्या, चौकातल्या ठशासारख्याच.