शिसे डब्यातले की प्रयोगशाळेतले?

डबाबंद पेयात धातू किती उतरतो, हा प्रश्न विचारायला सोपा आहे. कॅन ॲल्युमिनियमचा असतो, आतून पातळ लेप दिलेला. पण कोलाचा पीएच साधारण २.५, लेप विरळ असेल तिथे आम्ल धातूला भिडतेच. कथिलाचा मुलामा असलेल्या डब्यातल्या अननसाच्या रसात कथिल उतरते. डबाबंद पेयांतील कथिलासाठी कोडेक्सची मर्यादा किलोला १५० मिलिग्रॅम, म्हणजे मोजायला भरपूर. खरी कसोटी शिशाची. पिण्याच्या पाण्यातच त्याची मर्यादा लिटरला १० मायक्रोग्रॅम आहे, आणि धूळ, काच, नायट्रिक आम्ल या सगळ्यांतून ते नमुन्यात शिरू शकते.

म्हणून पेयातला वायू काढून, आम्ल घालून नमुना तयार करताना शेजारी एक ‘कोरा नमुना’ही ठेवतात: तेच आम्ल, तेच भांडे, तीच कृती, फक्त पेय नाही. त्यात सापडलेले शिसे प्रयोगशाळेचे.

हा हिशेब चुकला तर काय होते, हे क्लेअर पॅटरसन यांनी दाखवले. पृथ्वीचे वय ठरवणारे हेच शास्त्रज्ञ. १९८० मध्ये डोरोथी सेटल यांच्यासह त्यांनी ट्यूना मासा तपासला. एका सरकारी प्रयोगशाळेच्या मते ताज्या माशात ग्रॅममागे ४०० नॅनोग्रॅम शिसे होते आणि सोल्डरने जोडलेल्या डब्यातल्या माशात ७००. म्हणजे डब्याने दुप्पटही वाढ केली नव्हती. पॅटरसन यांच्या अतिस्वच्छ प्रयोगशाळेत ताज्या माशात निघाले ०.३ आणि डब्यातल्या माशात १४००. वाढ चार हजार पटींहून अधिक! यंत्र बिघडले नव्हते. ताज्या माशातले म्हणून नोंदलेले बहुतेक शिसे हाताळणीतले होते, आणि त्यामुळे डबा निर्दोष वाटत होता. अमेरिकी उत्पादकांनी शिशाचे सोल्डर १९९१ मध्ये थांबवले. कायदेशीर बंदी आली १९९५ मध्ये.

आजचे आयसीपी-एमएस यंत्र याहून सूक्ष्म मोजते, पण त्याला शिसे कुठून आले ते कळत नाही. त्यामुळे पेयाचा अहवाल हाती आला की मी आधी कोऱ्या नमुन्याचा आकडा शोधतो. अहवालात तो नसेल, तर पुढचे दशांश चिन्हानंतरचे आकडे माझ्या लेखी शोभेचे. दुसरी गोष्ट, त्याच घाणीतले पेय डब्यात भरण्यापूर्वी तपासले होते का? नाहीतर पाणी, साखर, फळ आणि कारखान्याचे नळ यांतला धातूही डब्याच्याच नावावर लागतो.