क्वार्टरबॅक फ्लॉप की कोच फ्लॉप? अमेरिकन फुटबॉलमध्ये हे ओळखणं इतकं अवघड का आहे?

२१ ऑक्टोबर २०१९. न्यूयॉर्क जेट्स विरुद्ध न्यू इंग्लंड पेट्रिऑट्स. जेट्सचा क्वार्टरबॅक सॅम डार्नोल्ड तेव्हा २२ वर्षांचा होता आणि टीव्ही चॅनलने त्या दिवशी त्याला माइक लावला होता. समोरचे खेळाडू सारखे अंगावर येत होते. त्या सामन्यात त्याने फेकलेले चार बॉल थेट विरोधकांनी झेलले. बाकावर बसलेला डार्नोल्ड म्हणाला, "मला भुतं दिसतायत." ते वाक्य देशभर ऐकू गेलं. जेट्स ३३-० ने हरले आणि पुढची काही वर्षं डार्नोल्डचं नाव निघालं की लोक भुतांवरून त्याची टर उडवायचे.

२०२४ च्या हंगामात हाच डार्नोल्ड मिनेसोटा व्हायकिंग्जकडून खेळला. टीमने १७ पैकी १४ सामने जिंकले.

मग २०१९ मध्ये नेमकं वाईट कोण होतं? तो, त्याचे कोच, की जेट्स?

आधी क्वार्टरबॅक म्हणजे काय ते बघू

हा आपला पायाने खेळायचा फुटबॉल नाही. इथे ११ जणांची टीम बॉल हातात घेऊन पुढे सरकते आणि जवळपास प्रत्येक चाल क्वार्टरबॅकच्या हातातून सुरू होते. कोणती चाल खेळायची हे कोच त्याच्या हेल्मेटमधल्या रेडिओवर सांगतात. चाल सुरू करायच्या घड्याळात १५ सेकंद उरले की हा रेडिओ बंद होतो. तिथून पुढे तो एकटा. बॉल हातात आल्यावर साधारण तीन सेकंदांत कुणाकडे फेकायचा ते ठरवायचं, कारण तोवर समोरचे धिप्पाड गडी त्याच्यापर्यंत पोहोचलेले असतात.

आता त्याच्या पुढ्यात उभे असलेले त्याचेच साथीदार कमी पडले, बॉल झेलणारा चुकीच्या दिशेला पळाला, किंवा कोचची चाल समोरच्यांनी आधीच ओळखली, तरी आकडा क्वार्टरबॅकच्या नावावरच लागतो. क्रिकेटमध्ये फलंदाजाची सरासरी बऱ्यापैकी त्याची स्वतःची असते. इथे तसं नाही, आणि सगळ्या वादाचं मूळ हेच आहे.

हुशार पोरगा, पण टीम सगळ्यात वाईट

कॉलेजमधून आलेले खेळाडू एनएफएलच्या टीम्स दरवर्षी एप्रिलमध्ये 'ड्राफ्ट'मधून निवडतात. नियम असा की आदल्या हंगामात जी टीम तळाला, तिला पहिली निवड. हेतू चांगला आहे, दुबळ्या टीमला बळ मिळावं. पण याचा अर्थ असाही होतो की सगळ्यात चांगला मानला गेलेला पोरगा बहुतेक वेळा सगळ्यात मोडकळीला आलेल्या टीमकडे जातो.

त्याआधी इंडियानापोलिसला चाचण्या होतात. धावण्याचा वेग, उडी, अगदी पंजाचं मापसुद्धा. यातून काय कळतं? टॉम ब्रेडी २००० मध्ये १९९ व्या क्रमांकावर निवडला गेला. त्याच्याआधी सहा क्वार्टरबॅक गेले होते. पुढे त्याने सात सुपर बोल जिंकले. लमार जॅक्सनने क्वार्टरबॅकऐवजी बॉल झेलणारा खेळाडू व्हावं, असं २०१८ मध्ये काही जाणकार उघडपणे म्हणत होते. दुसऱ्याच हंगामात तो एकमताने लीगमधला सर्वोत्तम खेळाडू ठरला. २०२३ मध्ये सी. जे. स्ट्राउडला आकलनाच्या एका चाचणीत १०० पैकी १८ मिळाल्याची बातमी फुटली आणि त्याच्या बुद्धीवर चर्चा झडल्या. त्याच वर्षी तो नवोदितांमधला सर्वोत्तम आक्रमक खेळाडू ठरला.

एकाच ड्राफ्टमधले दोन जॉश

मला विचाराल तर २०१८ चा ड्राफ्ट यासाठी सगळ्यात चांगला नमुना आहे. जॉश अ‍ॅलन सातवा, जॉश रोझेन दहावा. रोझेनचा थ्रो देखणा, तंत्र पक्कं. अ‍ॅलनच्या हातात ताकद अफाट, पण नेम? कॉलेजमध्ये त्याचे जेमतेम ५६ टक्के पास पूर्ण व्हायचे. बफेलो बिल्सकडे पहिल्या वर्षी तर ते ५३ टक्क्यांच्याही खाली गेले. टीका जोरात होती. पण बिल्सने मुख्य कोच शॉन मॅकडरमट आणि आक्रमणाची आखणी करणारे कोच ब्रायन डेबल यांना हलवलं नाही. २०२० मध्ये स्टेफॉन डिग्जसारखा बॉल झेलणारा आणून दिला. त्या तिसऱ्या हंगामात अ‍ॅलनचे ६९ टक्के पास पूर्ण झाले. २०२४ मध्ये तो लीगचा सर्वोत्तम खेळाडू झाला.

रोझेनचं काय झालं? अ‍ॅरिझोना कार्डिनल्सने आक्रमणाच्या कोचना हंगामाच्या मध्यातच काढलं. हंगाम संपल्यावर मुख्य कोचही गेले. नव्या कोचबरोबर टीमने पुढच्याच ड्राफ्टमध्ये पहिल्या क्रमांकावर दुसरा क्वार्टरबॅक घेतला आणि रोझेनची रवानगी मायामीला केली. तिथेही त्याचं बस्तान बसलं नाही. बफेलोत गेला असता तर तो अ‍ॅलन झाला असता, असं माझं म्हणणं नाही. पण एका वर्षात, मोडलेल्या टीमसोबत, त्याच्याबद्दल कुणाला काय कळणार होतं?

इथे एक दुष्टचक्र आहे. कोचना नोकरी टिकवायला आजचा सामना जिंकायचा असतो, पोराला शिकायला वेळ हवा असतो. चाहते आणि चॅनल ओरडतात, मालक कोच बदलतात, नवे कोच नवी भाषा आणि नवे डावपेच घेऊन येतात, पोरगा पुन्हा पहिल्या पायरीवर. कॅरोलायना पँथर्सने २०२३ मध्ये ब्राइस यंगला पहिल्या क्रमांकावर घेतलं आणि ११ सामन्यांनंतर कोच फ्रँक राइक यांना घरी पाठवलं. पुढच्या वर्षीच्या कोचनी दोन सामन्यांत यंगलाच बसवलं. मग त्याच्या जागी खेळणाऱ्या अँडी डाल्टनच्या गाडीला अपघात झाला, अंगठा दुखावला, म्हणून यंग परत आला. या वेळी तो बरा खेळला आणि जागा टिकवली. म्हणजे त्याला दुसरी संधी कुणाच्या पारखी नजरेने दिली नाही, अपघाताने दिली.

आणि कोचची पारख?

तीही तितकीच कच्ची. बिल बेलिचिक यांनी क्लीव्हलँडमध्ये पाच हंगामांत ३६ सामने जिंकले, ४४ हरले आणि त्यांची हकालपट्टी झाली. त्यानंतर न्यू इंग्लंडमध्ये त्यांनी सहा सुपर बोल जिंकले आणि लोक त्यांना इतिहासातला सर्वात मोठा कोच म्हणू लागले. त्या सहाही वेळा क्वार्टरबॅक होता ब्रेडी, म्हणजे तोच १९९ वा. २००१ मध्ये मुख्य क्वार्टरबॅक ड्रू ब्लेडसो जखमी झाला, म्हणून त्याला संधी मिळाली होती.

२०२० मध्ये ब्रेडी टँपा बेला गेला आणि पहिल्याच हंगामात तिथे सुपर बोल जिंकला. बेलिचिक यांच्या पेट्रिऑट्सने पुढच्या चार हंगामांत २९ सामने जिंकले, ३८ हरले. जानेवारी २०२४ मध्ये त्यांनी टीम सोडली. यश नक्की कुणाचं होतं, यावर अमेरिकेत आजही भांडणं होतात.