दांड्यावरून परत पायाशी

२००५ साली नायकीने इंटरनेटवर एक छोटी फिल्म सोडली. फुटबॉलपटू रोनाल्डिन्यो नवे पांढरे-सोनेरी बूट चढवतो, चेंडू पायावर खेळवत पेनल्टी बॉक्सच्या कडेला येतो आणि गोलच्या आडव्या दांड्यावर फटका मारतो. दांड्यावर आपटून चेंडू थेट त्याच्याकडे परत. जमिनीला टेकू न देता पुन्हा फटका, पुन्हा दांडा, पुन्हा परत! यूट्यूबवर दहा लाख वेळा पाहिला गेलेला हा पहिला व्हिडिओ. हे खरंच जमेल का, यावर तेव्हा लोक हिरीरीने भांडले.

ताकदीचा प्रश्नच नाही. बॉक्सच्या कडेपर्यंत, म्हणजे साडेसोळा मीटरवर, चेंडू परत यायला दांड्यावरून तो ताशी ४५ किलोमीटरने, नीट वर उसळून निघाला तरी पुरतं. आपटताना पाव वेग गेला असं धरा. मूळ फटका साठीच्या आसपास हवा. व्यावसायिक खेळाडू शंभरीच्या पुढे मारतात. दांड्याला नेम लावणंही अशक्य नाही, सरावात खेळाडू पैज लावून तो खेळ खेळतात. दांडा फार तर १२ सेंटिमीटर जाड, चेंडू २२ चा. म्हणजे चेंडूचा मध्य ३४ सेंटिमीटरच्या पट्ट्यात कुठेही असला तरी 'टण्ण' ऐकू येणार.

पण परत येणं? तिथे सगळा घोळ दांड्याच्या गोलाईत आहे. दांडा आणि चेंडू दोन्ही गोल, त्यामुळे चेंडू नेमक्या जागेपेक्षा एक सेंटिमीटर वर लागला तर उसळीची दिशा जवळजवळ सात अंशांनी फिरते. हा फरक साडेसोळा मीटर अंतरावर सुमारे दोन मीटरचा होतो! (आदळताना चेंडू दबतो, तेव्हा हा हिशेब ढोबळच.) एका सेंटिमीटरची चूक, आणि चेंडू डोक्यावरून तरी जाईल किंवा अलीकडेच पडेल. असा एखादा फटका रोनाल्डिन्योसारख्याला नशिबाने साधेलही. लागोपाठ साधणं मात्र मला कॅमेऱ्यामागच्या मंडळींचं कसब वाटतं.

२००८ मध्ये त्याच कंपनीच्या बुटांसाठीच्या व्हिडिओत बास्केटबॉलपटू कोबी ब्रायंट भरधाव अॅस्टन मार्टिन गाडीवरून उडी मारताना दिसला. इथे तर बुद्धीला उलटंच वाटावं असं गणित आहे: गाडी जितकी वेगात, तितकी उडी सोपी. ९० सेंटिमीटरच्या उडीत माणूस सुमारे ०.८६ सेकंद हवेत असतो आणि त्यातला निम्मा वेळ उडीच्या सर्वांत वरच्या पाव उंचीत जातो. बास्केटबॉलपटू हवेत लटकल्यासारखे भासतात ते यामुळेच. त्या ०.४३ सेकंदात ताशी ६० ची गाडी सात मीटर पुढे जाते, म्हणजे तिची सगळी लांबी खालून सरकून जाते. छप्पर जेमतेम सव्वा मीटर उंच. पाय पोटाशी घट्ट घेतले तर निसटतं सुटता येईल. गाडी हळू असेल तर मात्र वेळ संपतो आणि माणूस टपावर उतरतो.

म्हणजे कागदावर जमतं. फक्त सेकंदाचा दहावा भाग चुकला की गाडी जवळजवळ पावणेदोन मीटर इकडे किंवा तिकडे. आणि एनबीए या बास्केटबॉल लीगच्या खेळाडूंच्या करारात जिवावरच्या कसरतींना मनाई असते. उडी खोटी असल्याचा हा पुरावा मला तर भौतिकशास्त्रापेक्षा भक्कम वाटतो.