बार मोजलेला आणि बार ठासलेला

पाटण-जावळीच्या खाचरांत भात पोटरीला आलं, शिराळ्याकडं मका भरू लागला, की रात्रीची राखण सुरू होते. ज्या घरात ठासणीची बंदूक आहे, तिथं एक समज घट्ट असतो: बार भरूनच ठेवावा, डुकरं काही सांगून येत नाहीत. इथंच गल्लत होते. बार मोजून ठेवणं वेगळं आणि नळीत ठासून ठेवणं वेगळं. पहिली सवय माणसाला सांभाळते, दुसरी जिवावर बेतते.

मोजलेला बार म्हणजे एका वेळची दारू एका झाकणाच्या नळकांड्यात आणि तेवढेच छर्रे दुसऱ्यात. हेही एक प्रकारचं काडतूसच. पुष्कळांना वाटतं, काडतूस ही मागून भरायच्या बंदुकीचीच गोष्ट. पण पोर्तुगीजांकडून आलेला हा शब्द आधी कागदाच्या पुडीचा होता. 1857 साली ज्या रायफलीच्या काडतुसांवरून शिपाई भडकले, ती एनफिल्डही ठासणीचीच होती. पुडी दातांनी फाडायची, दारू नळीत ओतायची आणि मग गोळी गजानं खाली ढकलायची.

या पुड्या केवळ घाईसाठी, हाही अर्धाच समज. बार उडाल्यावर नळीत कधी निखाऱ्याचा कण धुमसत राहतो. त्यावर दारूच्या शिंगातून किंवा डब्यातून थेट ओतलं, तर आग हातातल्या सगळ्या साठ्याला लागू शकते. मोजलेल्या नळकांड्यात एकाच बाराची दारू असते, अपघात झाला तरी तो तेवढ्याच दारूचा. शिवाय माप दिवसाउजेडी, निवांतपणी घेतलेलं असतं. अंधारात, कुत्री भुंकत असताना अंदाजानं ओतलेल्या दारूचा मला तरी भरवसा वाटत नाही.

त्यात भर म्हणजे ‘दारू जास्त, तर मारा लांब’ ही समजूत. जादा दारूनं धक्का वाढतो, छर्रे अधिक पांगतात आणि जुनी नळी फाटू शकते. छर्रे दारूवर नीट न बसता मध्ये पोकळी राहिली, तरीही नळी फुगते किंवा फुटते. आणि आजच्या काडतुसातली धूरविरहित दारू ठासणीच्या बंदुकीत कधीही घालू नये. तिचा दाब ही नळी पेलू शकत नाही.

‘केप (ठिणगी पाडणारी टोपी) काढली, म्हणजे बंदूक रिकामी.’ सगळ्यात घातक समज हाच. केप निघाली तरी दारू आणि छर्रे आतच असतात आणि ठिणगी पोचली की बार उडतो. घरातलं दुसरं कुणी रिकामी समजून त्यावर आणखी एक बार ठासतं, तेही होतं. म्हणून जाणते लोक गजावर खूण करतात: रिकाम्या नळीत गज कुठवर जातो, भरलेल्यात कुठवर. कोयनेकाठच्या पावसात नळीतला बार दमट होतो, मग वेळेवर उडत नाही किंवा क्षणभर थांबून उडतो. बार फुकट गेलासा वाटला, तरी नळीचं तोंड लगेच आपल्याकडं वळवू नये. ओली दारू चुलीजवळ वाळवणं तर सरळ मरणाला बोलावणं आहे.

आजोबांच्या बंदुकीला परवाना कशाला, असंही विचारतात. 1959 च्या शस्त्र कायद्यात पीकरक्षणासाठीच्या ठासणीच्या बंदुकीचा नावानिशी उल्लेख आहे, पण तो परवान्याच्या संदर्भात. पुराणवस्तू म्हणून सूट मिळते ती दुरुस्त करूनही झाडता येणार नाही अशा शस्त्राला. परवानाधारक वारला, की परवाना वारसाकडं आपोआप येत नाही. वारसानं बंदूक पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडं जमा करून स्वतःचा अर्ज करायचा.

परवाना म्हणजे शिकारीची मुभाही नव्हे. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार रानडुक्कर मारायलाही वनाधिकाऱ्याची परवानगी लागते. चांदोली-कोयनेच्या जंगलातून खाली उतरणाऱ्या गव्याला तर कायद्याचं सर्वांत कडक संरक्षण आहे. गव्यानं किंवा डुकरानं पीक तुडवलं, तर वनखात्याकडं अर्ज करून पंचनामा मागता येतो आणि भरपाईची तरतूद आहे.