उसनी एकोणचाळीस मिनिटे

अलिबागेस सूर्य माथ्यावर येतो तेव्हा भिंतीवरील घड्याळात सरासरीने बारा वाजून एकोणचाळीस मिनिटे झालेली असतात. आपली प्रमाणवेळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या ८२॥ पूर्व रेखांशावरून ठरलेली, आणि अलिबाग त्याच्या पश्चिमेस साडेनऊ अंशांहून किंचित अधिक अंतरावर. एका अंशामागे चार मिनिटे धरली की हिशेब जुळतो. युरोप-अमेरिकेत उन्हाळ्यापुरते घड्याळ तासभर पुढे सारून उजेड वाचविण्याची जी वहिवाट आहे, तिचा सुमारे दोनतृतीयांश हिस्सा १ जानेवारी १९०६ रोजी प्रमाणवेळ अमलात आल्यापासून या किनाऱ्याच्या वाट्याला बारमाही आलेला आहे.

हा बदल मुंबईने सहजासहजी मानला नाही. त्याच जानेवारीत जेकब ससून गिरणीतील मजुरांनी नव्या वेळेने कामावर येण्यास नकार दिला. कारण घड्याळ पुढे गेले तरी ऊन पुढे जात नाही, आणि पहाटेच्या अंधारात चाळीतून बाहेर पडण्याचा प्रसंग मालकावर नव्हे, मजुरावर येतो. महापालिकेनेही जुन्या मुंबई टाइमचा, म्हणजे शहराच्या स्थानिक वेळेचा, आग्रह धरला, आणि तो स्वातंत्र्यानंतरही काही वर्षे टिकला.

याहून कठोर प्रयोग महायुद्धाने केला. १ सप्टेंबर १९४२ पासून १५ ऑक्टोबर १९४५ पर्यंत सबंध हिंदुस्थानची घड्याळे आणखी एक तास पुढे होती, तीही उन्हाळ्यापुरती नव्हे तर बारा महिने. म्हणजे तत्कालीन कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड, जिल्ह्यात जानेवारीतला सूर्य सव्वाआठच्या सुमारास उगवे आणि मध्यान्ह दीड वाजून गेल्यावर होई. ज्या देशांतून ही कल्पना आली तेथील आकाशच वेगळे. लंडनला सर्वांत मोठा दिवस साडेसोळा तासांचा आणि सर्वांत लहान पावणेआठ तासांचा. तेव्हा विल्यम विलेट या बांधकाम व्यावसायिकाने १९०७ साली उन्हाळ्यातील पहाटेचा वाया जाणारा उजेड सायंकाळी वापरावा असे सुचविले, आणि १९१६ साली जर्मनीने व पाठोपाठ ब्रिटनने ते युद्धाच्या निकडीपोटी अमलात आणले, यात संगती होती. अलिबागेस मोठा दिवस सव्वातेरा तासांचा आणि लहान अकरा तासांचा. इथे वाचवावयाचा उजेडच मुळात थोडा आहे.

शिवाय या किनाऱ्याचा व्यवहार घड्याळाहून चंद्रावर अधिक चालतो. थळ-नवगावकडे डोल जाळी मारतात: समुद्रतळाशी रोवलेल्या खुंटांना बांधलेले हे शंकूसारखे लांबट जाळे प्रवाहाकडे तोंड करून उभे राहते, पाण्याच्या ओढीने बोंबील, जवळा, कोळंबी त्यात जाऊन पडते, आणि पाणी फिरण्यापूर्वी ते उचलावे लागते. उधाणाला ओढ जोराची, भांगाला मंद. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते, हा ठोकताळा किनाऱ्यावर पोरासोरांनाही ठाऊक असतो. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. युद्धकाळी त्याच ठोकताळ्यात एक मिळविणे प्राप्त होते, आणि तसे केल्याने मासळी एक पाटीही वाढण्याचा संभव नव्हता. बाजार, बर्फ, गाडी आणि भाऊच्या धक्क्याची लाँच मात्र घड्याळाने चालतात. घड्याळ सरकले की भरती आणि बाजार यांतील जुना मेळ बिघडतो, आणि तो पुन्हा बसविण्याचा भार मासळीची पाटी डोक्यावर घेणाऱ्या बाईवर पडतो. हा खर्च कोणत्याही सरकारी दप्तरात नोंदला जात नाही, याचे मला वाईट वाटते.

विजेच्या बचतीचा युक्तिवाद मात्र गंभीरपणे घ्यावयास हवा. बंगळुरूच्या राष्ट्रीय प्रगत अध्ययन संस्थेतील अभ्यासकांनी प्रमाणवेळ कायमची अर्धा तास पुढे न्यावी, म्हणजे देशात दरसाल दोनशे कोटींहून अधिक युनिट वीज वाचेल, असे मांडले आहे. पूर्वेकडील राज्यांच्या दृष्टीने त्यात तथ्य आहे. परंतु अमेरिकेच्या इंडियाना राज्यात २००६ साली सर्वत्र घड्याळबदल लागू झाल्यावर घरगुती वीजवापर घटण्याऐवजी सुमारे एक टक्क्याने वाढलेला आढळला. दिव्यांत वाचले ते वातानुकूलनात गेले. मे महिन्यात ज्याने अलिबागेस दमट सायंकाळ काढली आहे, त्याला यातले मर्म सांगावे लागणार नाही.

घड्याळ सरकविल्याने तास बदलत नाहीत, याचा एक दाखला दूरदेशचा पण नात्याने इथलाच आहे. नवगावच्या किनाऱ्याला आपल्या पूर्वजांचे गलबत फुटले अशी ज्यांची परंपरा सांगते, ते बेने इस्राएल ज्यू, आमच्या गावागावांतील शनवार तेली, पुढे मोठ्या संख्येने इस्राएलात गेले. त्या देशात घड्याळबदलाचा वाद वर्षानुवर्षे धर्माशी गुंतला होता. योम किप्पूर या ज्यू सणाचा उपवास रात्री सुटतो. घड्याळ त्याआधीच मागे घेतले तर तो तासभर लवकर सुटल्यासारखा वाटतो, यासाठी उन्हाळी वेळ त्या सणापूर्वी संपविण्याचा कायदा २००५ साली झाला, आणि २०१३ साली तो बदलून ती मुदत ऑक्टोबरच्या अखेरच्या रविवारापर्यंत वाढविण्यात आली. उपवासाचे तास दोन्ही रीतींनी तितकेच.

घड्याळ पुढे नेण्यावर माझा खरा आक्षेप मुलांसाठी आहे. भारतातील निरनिराळ्या जिल्ह्यांची तुलना करून मौलिक जगनानी या अर्थशास्त्रज्ञाने दाखविले की सूर्यास्त तासभर उशिरा झाला की मुलांची झोप सुमारे अर्ध्या तासाने घटते, आणि त्याची झळ गरिबाघरी अधिक लागते. कारण निजणे सूर्यावर अवलंबून, उठणे शाळेच्या घंटेवर. रायगडचा सूर्यास्त आधीच उशिराचा. आणखी अर्धा तास पुढे गेल्यास जानेवारीत पावणेआठला उजाडेल आणि सातच्या शाळेसाठी मुरूड-रेवदंड्याची पोरे काळोखात एसटीच्या थांब्यावर उभी राहतील. महाराष्ट्र शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊपूर्वी भरवू नयेत असे ठरविले, तेव्हा घड्याळाला हात लावावा लागला नाही. उन्हाळा लागला की शाळा सकाळची करण्याची रीत तर कोकणात कितीतरी जुनी आहे. थळच्या खत कारखान्याची पाळी, न्हावा-शेव्याचे बंदर, तालुक्याची कचेरी, प्रत्येकाने आपापली वेळ ऊन आणि भरती पाहून ठरवावी, आणि तो अधिकार दिल्लीच्या एका फर्मानात कोंडला जाऊ नये, एवढीच माझी मागणी आहे.