कुलाब्याची दोन दीपगृहं

आर. सी. चर्च मागे टाकून नेव्हीनगरात शिरलं की मुंबई संपतच येते. टोकापलीकडच्या खडकावर १८७५ सालचं प्राँग्स दीपगृह, आणि अलीकडे टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या (टीआयएफआर) आवारात पेलेट्रॉन. भाभा अणुसंशोधन केंद्र आणि टीआयएफआर यांचा हा सामाईक त्वरक १९८८च्या अखेरीस सुरू झाला. लोक दबकूनच त्याच्याबद्दल बोलतात. आत शिरलं तर रहाटगाडगं आठवतं. धातूच्या नळकांड्या नायलॉनच्या दुव्यांनी जोडलेल्या साखळ्या फिरत राहतात आणि नळकांडी-नळकांडीने विद्युतभार वाहून नेतात. तो साठत साठत दाब १ कोटी ४० लाख व्होल्टपर्यंत चढवता येतो. ठिणगी उडू नये म्हणून टाकीत सल्फर हेक्साफ्लोराइड वायू दाबून भरलेला. माथ्यावरून सोडलेला कार्बनचा ऋण आयन मधल्या धन टोकाकडे खेचला जातो. तिथे कार्बनचाच पातळ पापुद्रा त्याचे इलेक्ट्रॉन ओरबाडून घेतो, आणि आता धन झालेला तोच आयन खाली ढकलला जातो. एका तिकिटात दोन प्रवास!

हे कार्बन आयन स्कँडियमवर आदळले की काही ठिकाणी उत्तेजित लोह-५४ तयार होतं आणि त्याच धक्क्याने शेजारच्या धातूत, समजा चांदीत, जाऊन रुततं. चांदीत लोखंड विरघळत नाही. भट्टीत कितीही तापवा. इथे मात्र एकेकटा लोहाणू चांदीच्या घरात घुसवता येतो. मग प्रश्न असा: परक्या घरात तो चुंबक राहतो का?

विचारायचं कसं? या उत्तेजित अणुगर्भांचे अक्ष आयनांच्या झोताशी काटकोनात पडलेले असतात, त्यामुळे गॅमा किरण सगळ्या दिशांना सारखे निघत नाहीत. चुंबकी क्षेत्र लावलं की अणुगर्भ भोवऱ्यासारखा डोलतो आणि त्याच्यासोबत किरणांचा झोतही फिरतो, अगदी दीपगृहासारखा. आयनांचा झोत स्पंदांनी सोडतात, म्हणजे घड्याळ कुठून लावायचं ते कळतं. गॅमा शोधक फक्त मोजत बसतात. फिरण्याच्या वेगावरून अणुगर्भाला जाणवणारं क्षेत्र निघतं. आपण लावलेलं वजा केलं की उरतं ते त्याच्या स्वतःच्या इलेक्ट्रॉनांनी उभं केलेलं. हीच अतिसूक्ष्म आंतरक्रिया. भौतिकशास्त्रज्ञ एस. एन. मिश्रा यांनी इथे वर्षानुवर्षं हेच काम केलं.

सगळा खेळ त्या उत्तेजित अवस्थेच्या सुमारे ३६० नॅनोसेकंदांच्या अर्धायुष्याचा. तेवढ्यात प्रकाशही शंभरेक मीटरच जातो. आलेखावर लाट उमटते, डावीकडे ठसठशीत. उजवीकडे ठिपके विरळ आणि विस्कटलेले होत जातात, कारण तोवर बहुतेक दिवे विझलेले असतात.